दुसरी एन्ट्री

आमच्या कॅज्युअल्टीत नवीन डॉक्टर जॉइन झाले, की मी एक अत्यंत वाईट काम करते. त्यांना नावं ठेवते. अगदी दोन्ही अर्थांनी! समोर कडक इस्त्रीचा पांढरा कोट, खिशात तीन रंगांची पेनं, गळ्यात कोरा करकरीत स्टेथो, असं कोणीतरी उभं असतं. मी हसून 'वेलकम, वेलकम' म्हणते आणि आतल्या आत शिक्का मारून मोकळी होते. ही नीला. ही सॅम. आणि हा... अरे देवा, हा मॉरिस!

ही मंडळी कोण, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ही सगळी 'ईआर' या अमेरिकन सीरियलमधली पात्रं. आणि तीही नेमकी २००३ सालची भरती.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिकागोतलं काउंटी जनरल नावाचं सरकारी हॉस्पिटल, तिथली इमर्जन्सी रूम आणि तिथे राबणारे डॉक्टर आणि नर्सेस. १९ सप्टेंबर १९९४ ला एनबीसीवर सुरू झालेली ही सीरियल २ एप्रिल २००९ ला संपली. पंधरा सीझन, ३३१ एपिसोड. आपल्या डेली सोपवाल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, ते सोडा. स्ट्रेचर धावतंय, त्याच्यामागे पाच जण धावतायत, कोणीतरी ओरडून इंजेक्शनं मागतंय आणि या सगळ्या गोंधळात कोणा दोघांचं ब्रेकअप चाललंय, हे सगळं तिथे हातखंडा जमायचं. जॉर्ज क्लूनी स्टार झाला तो इथेच.

मेडिकल डिटेल्स कितीही भारी असले, तरी हाडाची ती सोपच. पुरावा हवाय? रोमानो नावाचा एक महाखडूस सर्जन होता. २००२ मध्ये हेलिकॉप्टरच्या पंख्याने त्याचा हात तुटला. आणि नोव्हेंबर २००३ मध्ये अख्खं हेलिकॉप्टरच त्याच्या अंगावर पडलं! आता बोला. आपल्याकडच्या सासवा-सुना उगाच बदनाम आहेत.

तर २५ सप्टेंबर २००३ ला 'ईआर'चा दहावा सीझन सुरू झाला. तोवर जुन्यातले बरेच जण निघून गेले होते. क्लूनी १९९९ मध्येच गेला होता. सगळ्यांचा लाडका डॉक्टर ग्रीन २००२ मध्ये ब्रेन ट्यूमरने गेला. पहिल्या दिवसापासून सलग टिकून राहिलेला एकटा डॉक्टर कार्टर. अशा वेळी नवीन पात्रांची एन्ट्री म्हणजे लग्नघरात उशिरा आलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखी. कोणी उठून जागा देत नाही, आणि 'ह्यांना बोलावलं कोणी?' असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

मला मात्र हे नवे लोक नवे वाटलेच नाहीत. कारण मी सीरियल पाहायला सुरुवात केली तीच दहाव्या सीझनपासून. का, ते सांगायचं तर आधी माझी गोष्ट सांगावी लागेल.

मी साताऱ्याची. दहावीत पहिली, बारावीत पहिली, एमबीबीएसलाही वरच्या नंबरात. आमच्या घरात माझ्या मार्कांवर पेढे खाऊन मामांना डायबेटिस झाला, असा जोक होता. २००९ मध्ये मला मुंबईत एमडी मेडिसिनची सीट मिळाली. आईने गल्लीभर सांगितलं. बाबांनी ऑफिसात पार्टी दिली. आणि तिसऱ्या आठवड्यात मी ती सीट सोडली.

कोणी छळलं वगैरे नाही. छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या सगळेच करत होते. झालं इतकंच, की एका रात्री अडीच वाजता मी एका आजोबांचं बीपी घेत होते. तीनदा घेतलं आणि तीनही वेळा वेगळं आलं. कारण माझे हात थरथरत होते. आजोबाच म्हणाले, "बस जरा पोरी. मी कुठं पळून चाललोय?" मी बसले. आणि बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की आजवर मी प्रत्येक परीक्षेत पहिली आले, पण मला हे काम करायचंय का, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी स्वतःही नाही. सकाळी राउंड झाल्यावर अॅप्रन हॉस्टेलच्या दारामागे टांगला, दादरला जाऊन शिवनेरी पकडली आणि पुण्यात एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर जाऊन थडकले.

सीट सोडल्याचा दंड बाबांनी पीएफमधून भरला. एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. आईने त्या वर्षीच्या सगळ्या मुंजी-बारशांत एकच उत्तर दिलं, "ती ना, मुंबईला असते. फार बिझी असते हो!"

मी खरंच बिझी होते. हिंजवडीत एका कंपनीत मेडिकल कोडिंग करत होते. अमेरिकेतल्या पेशंटच्या फायली वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक जखमेला ठरलेला आकडा द्यायचा. तो आकडा बघून तिकडचा इन्शुरन्सवाला पैसे देतो. टाइप वन डायबेटिस, गुंतागुंत नाही... २५०.०१. खट्. पुढची फाइल. (ही आयसीडी-९ ची गोष्ट. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० घेतलं.) काम एसीत, पगार वेळेवर, आणि मुख्य म्हणजे इथे हात थरथरले तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं.

रात्री झोप यायची नाही. रूममेटच्या हार्ड डिस्कवर 'ईआर' होती, पण पहिले नऊ फोल्डर करप्ट. उघडला तो दहावा. अशी माझी आणि २००३ च्या बॅचची गाठ पडली.

पहिल्याच एपिसोडमध्ये नीला आली. नीला रासगोत्रा, मेडिकल स्टुडंट. येलची, इंग्लंडमध्ये वाढलेली पंजाबी मुलगी. काम केलंय परमिंदर नागराने. 'बेंड इट लाइक बेकहॅम'मधली फुटबॉल खेळणारी जेस आठवते ना, तीच. अमेरिकेच्या प्राइम टाइममध्ये आपल्यासारखी दिसणारी मुलगी डॉक्टरच्या कोटात, आणि तीही विनोदासाठी नव्हे, हे तेव्हा नवलच होतं. नीला पुस्तकातलं सगळं धडाधड सांगायची. पण समोर रडणारा माणूस आला, की तिची गाडी अडायची. मी बिछान्यात उठून बसले. अरे, ही तर मी!

मग काही आठवड्यांनी सॅम आली. सॅम टॅगर्ट, नर्स. लिंडा कार्डेलिनीने केलेली. तिच्यामागे ना डिग्र्यांचा भपका, ना कोणाची ओळख. पंधराव्या वर्षी आई झालेली, पोराला घेऊन शहरं बदलत आलेली. आल्या आल्या तिने एका मारकुट्या पेशंटला इंजेक्शन देऊन गार केलं, बाकीचे बघत उभे. तिला 'मी इथे का आहे?' हा प्रश्न पडायला वेळच नव्हता. पोरगं होतं, भाडं होतं. त्या पोराला, अॅलेक्सला, टाइप वन डायबेटिस निघतो. मी पॉज केलं आणि आपोआप तोंडातून निघालं, "दोनशे पन्नास पॉइंट झीरो वन." मग गप्प बसले. दिवसभरात मी असे वीसेक आकडे मारले होते. त्यातल्या प्रत्येकामागे एक सॅम असणार, बॅगेत ग्लुकोज घेऊन धावणारी, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.

आणि मग मॉरिस. आर्ची मॉरिस. लाल केसांचा, बोलबच्चन, कामाची वेळ आली की गायब. स्कॉट ग्राइम्सने तो इतका मस्त केलाय, की बघताना हात शिवशिवतात. त्याच्याबरोबर कूप नावाचा आणखी एक जण आला होता. बरा दिसणारा, बरा वागणारा. थोड्या एपिसोडनंतर तो दिसेनासा झाला. कोणी विचारलंसुद्धा नाही, कूप कुठे गेला? ग्लेन हॉवर्टन त्याचं नाव, पुढे दुसऱ्याच एका कॉमेडी सीरियलमध्ये तो चमकला. पण काउंटी जनरलच्या दृष्टीने तो आलाच नव्हता. खरं सांगू? मला सगळ्यात जास्त भीती कूपची वाटली. आपण गेलो आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, तर?

माझं बऱ्यापैकी तसंच झालं होतं. मुंबईहून निघाल्यावर बॅचमधून एकाचाच फोन आला. तो आमच्या युनिटचा मॉरिस. जोक मारणारा, राउंडला उशिरा येणारा, ज्याच्यावर पेशंट सोडायला आम्ही घाबरायचो, तो. म्हणाला, "तुझा स्टेथो वॉर्डात राहिलाय. मी वापरतोय. माझा हरवला." बास. ना 'का गेलीस', ना 'परत ये'. पण मग तो दर रविवारी फोन करायला लागला. पाच मिनिटं. वॉर्डातल्या मावशींनी काय डबा आणला, सरांनी कोणाला झापलं, बीपीवाले आजोबा चालत घरी गेले. शेवटची बातमी ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले.

इकडे हार्ड डिस्कवर दहावा सीझन संपून अकरावा लागला. आणि नीलाने काय करावं? मेडिकलची डिग्री हातात, मिशिगनमध्ये इंटर्नशिपची जागा पक्की. आणि बाई जातच नाही! थेट एका दुकानाच्या काउंटरमागे उभी. चिप्स, सिगरेटी, सुट्टे पैसे. हुशार, आज्ञाधारक, सगळ्यांची शान असलेली नीला!

मी लॅपटॉप बंद केला. चार दिवस उघडला नाही. कोणीतरी माझी डायरी चोरून वाचल्यासारखं वाटत होतं.

पाचव्या दिवशी उघडला. कारण काउंटरमागे उभी राहिलेली नीला पुढे काय करते, ते बघायचंच होतं. ती परत येते. वाजतगाजत नाही. काउंटी जनरलमध्येच इंटर्न म्हणून, खालच्या पायरीपासून. आणि तिथून २००९ पर्यंत टिकते, सर्जन होते.

मग मला अॅबीही नीट दिसली. अॅबी लॉकहार्टची पहिली एन्ट्री १९९९ मधली. ती आधी नर्स, मग मेडिकलला गेली, फीचे वांधे झाले म्हणून शिक्षण सुटलं, परत नर्स. २००३ मध्ये, म्हणजे आमच्या बॅचच्याच वर्षी, ती पुन्हा मेडिकल स्टुडंट झाली. ज्या कॉरिडॉरमध्ये ती सीनियर नर्स होती, तिथेच नीलाच्या शेजारी विद्यार्थी म्हणून उभी! बोर्डाच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. २००३ च्या नव्या पात्रांच्या यादीत अॅबीचं नाव कोणी घालणार नाही. माझ्या यादीत ती पहिली आहे.

आणखी एक गंमत. ही सीरियल ज्याच्या डोक्यातून निघाली, तो मायकल क्रायटन. 'जुरासिक पार्क'वाला. तो स्वतः हार्वर्डचा एमडी, १९६९ चा. आणि त्याने डॉक्टरकी केलीच नाही! विद्यार्थी असताना इमर्जन्सी रूममध्ये जे पाहिलं, त्यावर त्याने १९७४ मध्ये स्क्रिप्ट लिहिलं. ते वीस वर्षं पडून राहिलं आणि मग 'ईआर' झालं. म्हणजे डॉक्टरांची ही जगप्रसिद्ध गोष्ट सांगितली ती दवाखाना सोडून गेलेल्या माणसाने. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, बाबांना फोन करून सांगावं. सांगितलंही. ते म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

चौदा महिन्यांनी मी परत आले. एमडीला नाही, ती गाडी गेली होती. पुण्यातल्याच एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर म्हणून. ही जागा मला आमच्या मॉरिसनेच सुचवली. एका रविवारी येऊन स्टेथोही दिला. "घे. माझ्या कानाला सवय झालीय त्याची, लवकर परत मागेन," म्हणाला. आज तो कोकणात फिजिशियन आहे, आणि त्याच्या ओपीडीबाहेरची रांग बघून मला आमची तेव्हाची सगळी बडबड आठवते. अगदी 'ईआर'मधल्या मॉरिससारखंच. तो कुचकामी मॉरिस २००५ पासून सीरियलचा पक्का भिडू झाला आणि शेवटच्या एपिसोडपर्यंत राहिला. २००८ मध्ये त्याचा जिवलग दोस्त प्रॅट स्फोटात जखमी होऊन गेला, तेव्हा त्याचं ते कोसळणं बघितलं आणि मी माझे शिवशिवणारे हात गपचूप मागे घेतले.

एवढं सगळं कळूनही मी दरवर्षी नव्यांना शिक्के मारते. याला काय म्हणाल? जित्याची खोड!

यंदाच्या पावसाळ्यात आमच्याकडे तिघं जण आले. त्यातली एक मुलगी म्हणजे अस्सल नीला. गोल्ड मेडल, सुंदर अक्षर, एकही डोस चुकत नाही. मी तिला पहिल्या आठवड्यातच अवघड केसेस द्यायला लागले. दुसरी कामाला वाघीण. आणि तिसरा मुलगा म्हणजे मॉरिस नंबर वन. हेडफोन, चहा, 'हो मॅडम, करतो मॅडम', आणि केलेलं काही नाही. त्याच्याबद्दल वर तक्रार लिहायची, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

आणि मागच्या महिन्यात एका सोमवारी नीला आली नाही. मंगळवारी नाही. फोन बंद. एचआरने नियमाप्रमाणे मेल टाकला. मी सीनियर म्हणून दोन फोन केले आणि रोस्टर बदलायला घेतलं. खोटं कशाला बोलू? मनात पहिला विचार आला तो नाइट कोण करणार हाच. तिला अवघड केसेसच्या खाली मीच दाबत नेलं, हा विचार तिसऱ्या दिवशी आला. तिला तरी कोणी विचारलं होतं का, की बाई, झेपतंय का?

बुधवारी रात्री मी कॅज्युअल्टीत डोकावले तर मॉरिस बसलेला. त्याची ड्युटी नव्हती. "तिच्या नाइट्स मी करतोय मॅडम," हेडफोन काढत म्हणाला. "सोमवारपासून. रोस्टरवर तिचंच नाव राहू दे. सुट्टीत धरता येईल." मग जरा थांबून म्हणाला, "ती ठीक आहे. आज संध्याकाळी भेटलो. कोणाशी बोलायचं नाही म्हणतेय."

तो भेटला होता. मी नव्हते.

शनिवारी मी गेले. पेइंग गेस्टची खोली, भिंतीला टेकवलेली सॅक, टेबलावर न उघडलेला टिफिन. ती म्हणाली, "मॅडम, मी परत येणार नाही. समजवायला आला असाल तर..."

"नाही," मी म्हटलं. "डबा खायला आलेय. भूक लागलीय."

आम्ही तिचा डबा अर्धा अर्धा खाल्ला. गार पोळ्या, बटाट्याची भाजी. मग मी तिला सांगितलं. आजोबांचं बीपी, शिवनेरी, २५०.०१, आईची बिझी मुलगी, सगळं. हिंजवडीच्या त्या चौदा महिन्यांत मी वाया गेले नव्हते, हेही सांगितलं. त्या कामात अनेक जण सुखाने करिअर करतात, मलाही करता आलं असतं. 'ईआर'चं मात्र काही बोलले नाही. पंचवीस वर्षांची मुलगी, तिने कुठून पाहिली असणार? निघताना ती एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमचे हात अजून थरथरतात?"

"कधी कधी," मी म्हटलं. "मग मी बसते दोन मिनिटं."

ती येईल की नाही, मला माहीत नाही. न येणंही चालेल, तिचं आयुष्य आहे. तक्रारीचा कागद मात्र मी फाडला. आणि काल पुढच्या महिन्याचं रोस्टर करताना मॉरिसने विचारलं, "मॅडम, तिचं नाव घालू?"

"घाल. पेन्सिलीने."

"आणि नाही आली तर?"

"तर नाइट तुझी."

"चालेल," म्हणाला, आणि नेहमीसारखा चहाला सटकला. या वेळी जाताना मात्र विचारून गेला, "तुम्हाला आणू?"

त्याचं नाव आता बदलायला हवं. तूर्तास मी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून बघतेय.